बड़े मियाँचे दुश्मन

नागपूर स्टेशनवर बाबांनी माझी ट्रंक बाकाखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीचा गज धरून उभे राहिले. "मामीला कामात मदत कर," म्हणाले. आई म्हणाली, "आणि जरा बोलत जा गं, लोकांना वाटतं शिष्ट आहे." कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी नर्स होऊन लखनौला चालली, हे दोघांनाही पुरतं पटलं नव्हतं. गाडी हलली तेव्हा मी नुसता हात हलवला.

मामा लखनौला रेल्वेत होते, क्वार्टर आलमबागला. मामीचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि हिंदीत संपायचं: "अगं, दार उघड, सब्जीवाला भैया कब से खड़ा है!" नागपूरची हिंदी मला येत होती. लखनौची वेगळी निघाली.

कॅन्सर वॉर्डात मेट्रनने मला रुग्णांच्या घरच्यांजवळ बसायचं काम दिलं. "तुम कम बोलती हो, इसलिए," ती म्हणाली. डॉक्टर दोन वाक्यं बोलून पुढच्या पलंगाकडे जात. ती वाक्यं घरच्यांच्या पचनी पडेपर्यंत मी थांबायचं.

अमीनाबाद बाजारातले एक वृद्ध कापडव्यापारी भरती झाले. सगळे त्यांना बड़े मियाँ म्हणत. भेटायला आलेल्या गृहस्थांनी अदबीनं विचारलं, "सुना है, आपके दुश्मनों की तबीयत नासाज़ है?" मी काळजीनं बड़े मियाँच्या मुलीला, सकीनाला, व्हरांड्यात गाठलं. "दुश्मन कौन से वार्ड में हैं?"

ती हसून हसून भिंतीला टेकली. "अरे सिस्टर! अपनों की बीमारी मुँह से नहीं निकालते. दुश्मनों पर डाल देते हैं." मग तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या ऑपरेशनने फारसं काही साधणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. भाऊ तरीही हट्टाला पेटला होता, आणि वडिलांना त्यांची इच्छा विचारायची कुणाची हिंमत नव्हती.

मी दोघा बहीणभावांना पलंगाजवळ बसवलं. सरळ विचारणं मलाही जमेना. म्हटलं, "बड़े मियाँ, डॉक्टर साहब दुश्मनों का फिर से ऑपरेशन करें?"

ते माझ्याकडे बघून हसले. "बेटी, दुश्मन तो अब बचने से रहे." दुश्मन आता वाचायचे नाहीत, हे ते स्वतःच बोलले आणि मुलाकडे वळून म्हणाले, "हमें घर ले चलो, मियाँ."

मुलगा त्यांचे पाय चेपत राहिला. संध्याकाळी त्यानेच टांगा आणला.

पुढे मी रिक्षाने अमीनाबादला जायचे, त्यांना कुशीवर कसं वळवायचं ते सकीनाला दाखवायचे. त्यांच्या उशाशी कायम कुणीतरी बसलेलं असे: शेजारी, दुकानातला माणूस, पान लावणारी बहीण. ते तिथेच गेले, दुपारी, गप्पा चालू असताना.

आता मी लखनौतच, अलीगंजला राहते. तुम्ही भावंडं नागपूरहून पत्रात विचारता, घरी कधी येणार? पूर्वी घर म्हणजे नागपूर, त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं. आता आधी मनात येतं, माझ्या उशाशी कोण बसेल? तिथे आई आहे. इथे सकीना आहे. मला साधा ताप आला तरी खिचडी घेऊन येते आणि उतरेपर्यंत हलत नाही. म्हणून उत्तर लिहायला मला वेळ लागतो. रागावू नका.