अर्धा दाखला

पूर ओसरला तेव्हा दुकानात गुडघाभर चिखल होता आणि माझा कॉम्प्युटर त्यात पालथा पडला होता. बदलापूर गावातल्या नदीकडच्या गल्लीत माझं टायपिंगचं दुकान आहे. नदी आत शिरण्याची ही काही पहिली वेळ नव्हे. दर वेळी मशीन टेबलावर चढवायचं, वर प्लास्टिक घालायचं आणि घरी जायचं, असा माझा शिरस्ता. यंदा पाणी टेबलाच्याही वर गेलं. मी चिडकी बाई आहे, गल्लीत कुणालाही विचारा. पण त्या सकाळी चिडायचं कुणावर तेच कळेना, म्हणून मी झाडूवर चिडले आणि तो मोडला.

लोकांना वाटतं टायपिंगवाली म्हणजे लग्नपत्रिका आणि अर्ज. खरं तर सगळ्या गल्लीचे कागद माझ्याकडे होते. कुणी फॉर्म भरायला आलं की रेशनकार्ड, सातबारा, शाळेचा दाखला स्कॅन व्हायचा आणि मशीनमध्ये तसाच पडून राहायचा, कारण पुसत बसायचा मला कंटाळा. चिखल काढून होतो न होतो तोच माणसं दारात. ‘‘ताई, आमचं कार्ड असेल ना तुमच्या कॉम्प्युटरात?’’

त्यांच्यात माझी शेजारीण होती. मी तिला वहिनी म्हणते. नवरा गेल्यापासून ती अंबरनाथच्या एका कंपनीत पॅकिंगला जाते. मुलगी बारावी झालेली, नर्सिंगला राखीव जागेवर नंबर लागलेला. ती जागा पक्की व्हायची तर जात पडताळणी हवी आणि पडताळणीला वाडवडिलांचा जुना पुरावा हवा. यांच्याकडे एकच होता, मुलीच्या आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. पत्र्याच्या पेटीत ठेवलेला तो कागद झेरॉक्ससकट भिजून लगदा झाला. शाळेतलं जुनं रजिस्टरही त्याच पाण्यात गेलं. वर्षभरापूर्वी अर्जाची तयारी म्हणून तो दाखला मी स्कॅन करून ठेवला होता, तेवढाच आता जगात शिल्लक. वहिनी नुसती त्या चिखलातल्या मशीनकडे बघत उभी राहिली, आणि मला ते बघवेना.

मशीन पिशवीत घालून मी उल्हासनगर गाठलं. तिथे एका गल्लीत म्हातारे सिंधी गृहस्थ कॉम्प्युटर दुरुस्त करतात. सगळे त्यांना साईं म्हणतात, मीही म्हणते. त्यांनी डिस्क उघडून धुतली, पुसली, पंख्याखाली ठेवली आणि मला दोन दिवसांनी यायला सांगितलं. गेले तर त्यांच्या पडद्यावर माझे फोल्डर दिसत होते. ‘‘देख बेन, जिंदा है,’’ ते म्हणाले. मी तिथेच रडले. साईंनी चहा मागवला आणि मजुरी घ्यायला नकार दिला.

‘‘ये अब तेरे नये मशीन में ही डाल देते हैं,’’ ते म्हणाले. नवीन मशीन म्हणजे दानातलं. अंबरनाथचे एक निवृत्त काका पूरग्रस्तांसाठी ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर जमवून त्यांत फुकट मिळणारं मुक्त सॉफ्टवेअर टाकून देत होते, आणि माझं नाव त्यांच्याकडे गेलेलं होतं. ऑफिसवाले मशीन देतात पण डिस्क काढून घेतात, म्हणून काका जुन्या डिस्का साईंकडून नेत. दुसऱ्या दिवशी त्यांचा टेम्पो येणारच होता. साईंनी माझी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, वर पेनाने काहीतरी लिहिलं आणि काकांकडे जायच्या डिस्कांच्या खोक्यात सगळ्यात वर ठेवली. मी निर्धास्त होऊन घरी आले आणि वहिनीला सांगितलं, दाखला सापडला. तिने माझे दोन्ही हात धरले.

वाटप विहाराच्या हॉलमध्ये झालं. टेबलांवर मशीन मांडलेली, एकेकाला बोलावून काका समजावत होते. गोड माणूस. शर्टाच्या खिशाला स्क्रू-ड्रायव्हर लावलेला. ‘‘ताई, यात व्हायरस नाही, विकत घ्यायची कटकट नाही. कुणाचे मिंधे नाही आपण.’’ पडद्यावर मराठीत नमस्कार आला. मला आवडलं ते, खोटं कशाला बोलू.

‘‘आणि माझं जुनं कुठे आहे यात?’’ मी विचारलं.

‘‘जुनं काहीच नाही ताई. सगळं स्वच्छ केलंय. परक्याची एक ओळसुद्धा राहू द्यायची नाही, हा आमचा नियम.’’

‘‘पेपरात गुंडाळलेली डिस्क होती. वरच होती.’’

काकांचा चेहरा खुलला. ‘‘तीच लावलीय तुम्हाला. सगळ्यांत मोठी होती ना! म्हटलं ताईंना दुकान चालवायचंय.’’

मी साईंना तिथूनच फोन लावला. ‘‘लिखा तो था बेन,’’ ते म्हणाले. ‘‘साफ लिखा था, ये ताई का है, इसको हाथ नहीं लगाना.’’ लिहिलं होतं खरंच. पण दुकान टाकल्यापासून साईं आपल्या चिठ्ठ्या सिंधीत, उजवीकडून डावीकडे लिहीत आले आहेत. त्या वाचणारे तेच, म्हणून त्यात कधी काही बिघडलं नाही. काकांना ते उर्दू वाटलं, रद्दीवरचं काहीतरी. त्यांनी कागद चुरगाळून फेकला होता.

मी ओरडले. ‘‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं साफ करायला?’’ मला त्या माणसाचा राग आला, मग रागाची लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून आणखी राग आला. शिव्या द्यायला एखादा नालायक तरी समोर हवा होता. इथे एकाने पैसे न घेता डिस्क वाचवली होती आणि दुसऱ्याने पैसे न घेता ती पुसली होती.

काका ती डिस्क परत घेऊन गेले. पुसलेलं उकरून काढणारं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे, तेही फुकटच. पण त्यांनी टाकलेल्या नव्या सिस्टीमखाली बरंचसं गाडलं गेलं होतं. रोज त्यांचा फोन यायचा, ‘‘शोध चालू आहे ताई.’’ वहिनीला मी सगळं खरं सांगितलं. ती ‘‘बघतायत ना ते, मग मिळेल,’’ एवढंच म्हणून कामावर गेली. इकडे कॉलेजने मुलीला पडताळणीच्या अर्जाची पावती देण्यासाठी थोडी मुदत दिली होती, ती सरत आली होती.

काका आले ते मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी. मी वहिनीला आणि मुलीला बोलावून घेतलं. पडद्यावर दाखला उघडला. वर शाळेचं नाव आलं, तालुका आला, शिक्का आला. पहिल्या ओळीत आजोबांचं पूर्ण नाव, बोरूने लिहिलेलं, ठसठशीत. दुसरी ओळ जातीची. ती निम्म्यावर तुटली होती आणि तिथून खाली पानाच्या शेवटापर्यंत सगळं करडं.

‘‘मामंजींचं नाव आहे की,’’ वहिनी म्हणाली आणि पडद्याला बोट लावलं. मग तिला कळलं असावं, कारण तिने बोट काढून घेतलं. काका कपाळ धरून बसले होते. ‘‘इतकंच निघालं ताई. मी सगळं करून पाहिलं.’’

तरी मी त्याचा प्रिंट काढून दिला. मायलेकी तो घेऊन पडताळणीच्या कार्यालयात गेल्या. खिडकीतल्या माणसाने कागद उलटसुलट केला, नाव दिसतंय पण जात दिसत नाही म्हणाला आणि परत दिला. दुसरा पुरावा आणा. दुसरा नव्हता. मुदत टळली आणि जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी बघू, असं आम्ही सगळेच एकमेकांना म्हणालो.

नंतर एका सकाळी मुलगी दुकानात आली. अंगात कंपनीचा निळा कोट, आई रिक्षापाशी थांबलेली. पॅकिंगला तिलाही लावून घेतलं होतं. तिने घडी घातलेला तो प्रिंट माझ्या टेबलावर ठेवला.

‘‘हा तुमच्याकडेच ठेवा ताई. घरी आई सारखा काढून बघते.’’

नवा दाखला मिळेल, आपण शोधू, असलं काहीतरी मी पुटपुटले.

‘‘गावात सगळ्यांना माहितीये ओ ताई, आम्ही कोण ते,’’ ती म्हणाली. ‘‘शाळेत पहिल्या दिवशी कळलं होतं बाईंना, कागद न बघता. आता कागद लागला तेव्हाच जात कुणाला दिसत नाही.’’

रिक्षावाल्याने हॉर्न दिला. पाळीला उशीर होत होता, म्हणून ती धावतच गेली.