फ्लेक्सवरची नात आणि उताऱ्यातली मी

ये गं, अशी जवळ बस. तिकडे अक्कलकुव्यात असशील तर हा कागदच जवळ धर, पण तो मोबाइल आधी पालथा ठेव. दिवाळीपासून आजीला एक फोन नाही, आणि आला तो काय, तर मेसेज. ‘ताई ज्या क्लासला जायची त्या सरांचा नंबर पाठव, मलापण नर्सिंगची परीक्षा द्यायची आहे.’ आजी, गुडघा कसा आहे, काही नाही. नंबर पाठव. भाच्याची पोर म्हणून सोडते, दुसरी कुणी असती तर उत्तरही दिलं नसतं.

नंबर मी पाठवणार नाही. का नाही, ते ऐक.

तुझी ताई, म्हणजे माझ्या लेकीची पोर, इथे लोणखेड्याला माझ्यापाशी राहून शिकली. बारावी झाली, आणि नर्सिंगच्या परीक्षेत पहिल्या खेपेला थोडक्यासाठी राहिली. जावई नवापूरला कोंबड्यांच्या शेडवर कामाला. त्याने सरळ सांगितलं, आणखी एक वर्ष देतो, यंदाही नाही जमलं तर शेठच्या गोदामावर अंड्यांचे ट्रे मोजायला जागा रिकामी आहे, तिथे बसायचं. काम काही वाईट नाही, कुणाला तरी मोजावीच लागतात. पण ह्या पोरीला कोंबडीच्या वासाने मळमळतं आणि दवाखान्याच्या वासाने बरं वाटतं, असं उलटं पोर ते. तिला नर्सच व्हायचं होतं.

जीवशास्त्र तिला तोंडपाठ. अडायची ती इंग्रजीतल्या उताऱ्यापाशी. आरोग्यावरचा एक उतारा द्यायचा, खाली प्रश्न, प्रश्नाखाली चार उत्तरं, त्यातलं उताऱ्याप्रमाणे बरोबर कोणतं ते सांगायचं. तिने सरावाचं जाडजूड पुस्तक आणलं होतं. मला इंग्रजी येत नाही, पण दुपारी तूर निवडत बसले की ती वाचायची आणि मी विचारायची, काय म्हणतोय गं तो.

काय म्हणणार. म्हाताऱ्या माणसांनी पडू नये म्हणून न्हाणीघरातला गालिचा काढून टाकावा. माझ्या मोरीत गालिचा. तिथे शेवाळ घासून घासून माझे हात गेले, आणि ह्याला गालिच्याची काळजी. दुसऱ्यात लिहिलं होतं की वृद्धांनी रोज सकाळी बागेत चालावं. मी मळ्यात जाऊन येते ती काय उडत जाते? सगळ्या पुस्तकात एकाही माणसाला नाव नाही, गाव नाही, खोकला आला तर कुणी कुणाला शिवी देत नाही. नुसतं ‘रुग्णाने असं करावं, रुग्णाने तसं करावं’. असला रुग्ण मी जन्मात पाहिला नाही. लिहिणाऱ्याला ताप कधी आलाच नसावा, तापाचं सगळं दुसऱ्याला विचारून लिहिलं असेल.

आता तुझे ते सर. शहाद्याला थंडगार खोली, कॉलरला माइक, डोक्यावर काळा चष्मा, छताखाली ऊन लागतं बहुतेक. पोरीला ‘बेटा’ म्हणतात आणि नाव कुणाचं ठाऊक नाही. पालकांची बैठक होती. आईबाप नवापूरला, म्हणून मी गेले. तिथे त्यांनी आपली विद्या सांगितली. उतारा वाचायचा नाही. आधी प्रश्न बघायचा, प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की त्याच्या आजूबाजूचे शब्द ज्या उत्तरात दिसतात त्यावर खूण करायची. उतारा वाचत बसणारा नापास होतो, असं बोलले, आणि सगळे पालक माना हलवायला लागले.

मी शाळेत फार गेलेली नाही. वाचायला शिकले ती फवारणीच्या बाटल्यांवरून, कारण तुझे आजोबा वासावरून औषध ओळखायला जायचे आणि एकदा त्यांनी तणाचं औषध मिरचीवर मारलं. तेव्हापासून बाटली माझ्या हातात. बाटलीवरचं मधलंच वाचून चालत नाही, एवढं मला कळतं. म्हणून मी उभी राहिले. म्हटलं, “सर, नर्स झाल्यावर औषधावरचं पण असंच मधलं मधलं वाचायचं का?”

ते हसले. “आजी, आधी नर्स तर होऊ द्या.”

सगळी खोली हसली. खोटं बोलले नव्हते, आणि तेच मला डाचलं. चहा न पिता मी निघाले.

घरी येऊन मी पोरीला म्हटलं, उतारा पूर्ण वाच आणि मला आपल्या बोलीत सांग. मला पटलं तर तुला समजलं. ती मराठीत सांगायला लागली, “पेशंटने मेडिकेशन रेग्युलरली कंटिन्यू करायला हवं.” मी म्हटलं, ह्यात आपली बोली कुठली, हे तर तुझे सर चष्मा काढून बोलले. तिला अहिराणीची लाज. कॉलेजात पोरी हसतात म्हणे. परीक्षेत कुठे अहिराणी विचारतात, असंही वर.

पण सांगायला लागली. आणि मी काही सरळ ऐकणारी नाही, तुला माहीत आहे. दर वाक्याला मी आडवी. खोकल्याला मध द्यावा? असल्या घरात मध कोण ठेवतं. बाळाला पहिले सहा महिने पाणीसुद्धा नको? आमच्या घरी घुटीवर पोरं वाढली, त्यांना काय झालं. ती चिडायची आणि मी विचारायची, “आसं लिखेल शे, का तू सांगस?” मग तिला परत उताऱ्यात तोंड घालावं लागायचं, तिथे ‘नेहमी’ आहे की ‘बहुतेक वेळा’ आहे ते बघायला. पुष्कळदा ते तिच्याच मनातलं निघायचं, पुस्तकात नसायचं. कधी पुस्तकाचं बरोबर आणि माझं चूक निघायचं, तेव्हा मी तूर निवडायची.

आता तुला वाटेल आजीने झेंडा लावला. नाही बाई. क्लासच्या पुढच्या सराव परीक्षेत तिचे गुण आधीपेक्षा कमी आले. पूर्ण वाचत बसली आणि शेवटचे उतारे राहूनच गेले. घरी आली ती पुस्तक घेऊन सरळ ओट्यावर जाऊन बसली. लेकीचा फोन आला, तिने तर मला झाडलंच. माय, तू आता मधे पडू नको, त्या सरांनी एवढी पोरं काढली, तुझ्यापायी ही अंडी मोजायला बसेल. लेकीचं म्हणणं मनात घर करून बसलं, खोटं कशाला सांगू. पोर परत सरांच्या पद्धतीने खुणा करायला लागली, पाठ करून, माझ्याकडे न बघता. घरात दिवसभर नुसता पान उलटल्याचा आवाज.

मग एक दुपार. ती ओट्यावर, मी दारात. तिने उत्तरं तपासली आणि पुस्तक आपटलं. ब्लडप्रेशरचा उतारा होता. शब्द शोधला होता, सापडला होता, त्याच्या शेजारचे सगळे शब्द असलेल्या उत्तरावर खूण केली होती, आणि ते चूक. मला ऐकू जावं म्हणून नाही, सरांवरच्या रागाने ती मोठ्याने वाचायला लागली, आणि रागात माणूस आपल्याच बोलीत येतं. उताऱ्यात म्हटलं होतं की प्रेशर ठीक दिसायला लागलं की अनेक रुग्ण गोळी बंद करतात. तिने खूण केली होती ती ह्यावरच, गोळी बंद करावी. पुढच्या ओळीत लिहिलं होतं की हीच त्यांची चूक असते. ती ओळ तिने वाचलीच नव्हती.

वाचता वाचता ती थांबली. माझ्या डोक्यावरच्या फळीकडे बघत राहिली. तिथे माझ्या गोळ्यांचं पाकीट होतं, आखाजीच्या सणापासून तसंच, न फोडलेलं. ओट्यावरून तिने ते रोज पाहिलं होतं.

“मोठी माय, तू गोयी बंद करेल शे का?”

मी म्हटलं, मग काय. डॉक्टरने मोजलं, ठीक निघालं. डोकं दुखत नाही, चक्कर नाही. “बरं वाटस ते गोयी कसाले?”

तुला सांगते, इतक्या उताऱ्यांत पहिल्यांदा माझ्या ओळखीचं कुणी भेटलं. ते ‘अनेक रुग्ण’ म्हणजे मी. मी त्या लिहिणाऱ्याला इतकं हसले, आणि त्याने मला गालिच्याशिवाय, मोरीशिवाय, बरोबर पकडलं. राग आला मला. मी म्हटलं, दुकानवाल्यांनी पैसे देऊन लिहून घेतलं असेल हे.

पोर उठली नाही, ओरडली नाही. उतारा पहिल्या अक्षरापासून परत वाचला, मनात. मग पुस्तक मिटून माझ्याशी बोलली. मळ्यात केळीला ठिबकच्या नळ्या आहेत ना, म्हणाली, मोटार जोरात चालली तर झाडाकडे पाहून काही कळतं का?

“केयीनं झाड सांगस का, पाइपमा प्रेशर जास्त शे म्हणीसन? जोड उडस तव्हय समजस.”

जोड उडालेला मी पाहिलेला आहे. सकाळी जावं तर एका सरीत तळं, बाकी सगळी केळी कोरडी. त्याच्या आदल्या दिवशी झाडं कशी मस्त हिरवी होती.

मी तिला विचारलं, हे लिहिलंय का तू सांगतेस? म्हणाली, ठिबक मी सांगते, बाकीचं लिहिलंय. बरं वाटतं ते गोळीमुळे वाटतं, डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही, हेही लिहिलंय. बोट ठेवून दाखवलं. मला काय वाचता येणार होतं, पण बोट हललं नाही तिचं.

गोळी मी घेतली. तिच्यासमोर नाही, ती पाणी आणायला गेली तेव्हा.

त्यानंतर तिने सरांची विद्या सोडली. रोज उतारा पूर्ण, आणि तो मला सांगायचा, मी आडवी यायचं, तिने बोट ठेवायचं. आधी वेळ पुरायचा नाही. मग हळूहळू पुरायला लागला, कारण माझे आडवे प्रश्न ती मी विचारायच्या आधीच स्वतःला विचारायला लागली, आणि एकदा वाचलं की परत मागे जायची गरज उरेना. धुळ्याला परीक्षेला गेली तेव्हा मी सोबत होते. बाहेर आली आणि म्हणाली, सगळे उतारे झाले, आणि एक तर गालिच्याचा होता. आम्ही दोघी रस्त्यात हसलो. सरकारी कॉलेजला नंबर लागला. जावयाने नवापूरहून पेढे आणले, अंडी नाही आणली, एवढी अक्कल.

आणि आता तू विचारतेस त्या सरांचा नंबर, कारण तू चौकातला फ्लेक्स पाहिलास. पाहिलाय मीही. मुद्दाम रिक्षा करून गेले. पोरीचा फोटो एवढा मोठा, सरांचा त्याच्याहून मोठा, चष्मा डोक्यावर, आणि खाली लिहिलंय की उतारा न वाचता उत्तर काढायची पद्धत फक्त आमच्याकडे. तिच्या हनुवटीखालीच ते लिहिलंय. रिक्षावाला म्हणाला, आजी, नात का तुमची, सरांनी नाव काढलं. मी म्हटलं, बाबा, तू रिक्षा चालव.

तर नंबर फ्लेक्सवर आहे, हवा तर तिथून घे. तुझा बाप पैसे भरेल, खोली थंड आहे. पण तुझ्या ताईला विचारलंस तर ती काय सांगेल ते मला माहीत आहे. ती आता वॉर्डात असते, फोन उचलत नाही, त्यावरून तिच्याशीही माझं एक भांडण बाकी आहे.

त्यापेक्षा तू इकडे ये. अक्कलकुव्याहून सकाळची एसटी धर, जेवायच्या वेळेला पोचशील. ते जाड पुस्तक इथेच पडलंय, ताईच्या खुणा मी पुसून ठेवल्या आहेत. तूर निवडायची आहे, माझं तोंड अजून शाबूत आहे, आणि डॉक्टरने गोळी बदलून दिली आहे, तिच्या डब्यातला कागद इंग्रजीत आहे. तो मला अजून कुणी आपल्या बोलीत सांगितलेला नाही. लवकर ये.