टोक तुटलेला विळा

६ ऑक्टोबरची गोष्ट. प्रयोगशाळा नव्या इमारतीत हलवायची होती, म्हणून दुपारी कपाट रिकामं करायला घेतलं. जुने अहवाल, तडकलेल्या मुशी, पोलादाचे तुकडे. खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक विळा निघाला, टोक तुटलेला. गेल्या वर्षीच्या सोंगणीत तो मीच तिथे ठेवला होता.

मी वाशीमच्या कॉलेजात शिकवते. पदवी भौतिकशास्त्राची, संशोधन पोलादावर. त्यामुळे भौतिकशास्त्रवाले मला रसायनवाली समजतात आणि रसायनवाले भट्टीवाली. गावोगाव विज्ञान न्यायचा उपक्रम निघाला तेव्हा मी लगेच हात वर केला. सोयाबीन सोंगणाऱ्या बायांचे विळे दिवसातून दोनदा बोथट होतात. जास्त टिकेल अशी धार द्यायची, असं ठरवलं.

त्यासाठी अनसिंगच्या एका म्हाताऱ्या लोहाराकडे महिनाभर जाऊन बसले. गाडीच्या स्प्रिंगच्या पाट्याचं पोलाद तो लाल करायचा, पाण्यात बुडवायचा आणि मग पुन्हा थोडं तापवून बाजूला ठेवायचा. या शेवटच्या तापवण्याने कठीणपणा थोडा उतरतो. कठीणपणा मोजायच्या माझ्या यंत्रावर आकडा कमी दिसायचा. माझे विळे करताना मी ती पायरीच गाळली.

“बाई, त्याले परत तापवाच लागते. नाही तं तुटन.”

“काका, मग आकडा खाली येते ना.”

“आकड्यानं सोंगनी करतात काय वो?”

मी हसले. त्याचं हे वाक्य पुढे दोन भाषणांत विनोद म्हणून सांगितलं. लोकही हसले.

प्रयोगशाळेत केलेले विळे अनसिंगच्या बायांना वाटले, फोटो छापून आला. त्या बाया विळ्याने आणखी काय काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. टोकाने त्या गवताची मुळं उकरतात. पहिल्याच सोंगणीत तसं उकरताना एकीचा विळा तुटला आणि उरलेलं पातं तिच्या डाव्या हातावर बसलं. बोटाला पट्टी बांधून ती कॉलेजात आली.

“हे घ्या मॅडम, तुमचं तुमाले. माहा जुना इळाच बरा होता. बाकीच्यायले सांगजा.”

मी तिला चहा पाजला, सांगते म्हणाले. त्याच आठवड्यात अहवाल जायचा होता. त्यात मी लिहिलं, ‘महिलांचा उत्तम प्रतिसाद’. विळा कपाटात गेला. पुढे बढती झाली. बाकीच्यांना मी काहीच सांगितलं नाही.

वर्गात दरवर्षी दुसऱ्याच तासाला मी काचेची कांडी मोडून दाखवते, मग तार वाकवून दाखवते. कठीण असणं वेगळं, चिवट असणं वेगळं. यंदाही दाखवलं. विळा विसरले होते असं म्हणायची सोय नाही. कपाटाच्या त्या कप्प्याला मी वर्षभर हात लावला नव्हता, एवढं खरं.

आणि आता पुन्हा सोंगणी सुरू होती. माझे विळे कुणाच्या ना कुणाच्या हातात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी रजा टाकली आणि पहिल्या एसटीने अनसिंग गाठलं. बाया शेतात ओळीने बसल्या होत्या. तीही होती. डाव्या हाताची तर्जनी आता वाकत नाही.

“वाशीमहून यायले सालभर लागते काय मॅडम?”

“लागलं,” मी म्हणाले. “चूक माही होती. लोहारकाका सांगत होते, मी ऐकलं नाही. माझे सगळे विळे द्या.”

“मंग सोंगनी काय नखानं करू?” दुसरी म्हणाली. सगळ्या हसल्या, ती सोडून.

“जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत तापवून आणून देते.”

विळे पोत्यात भरून लोहाराकडे नेले. त्याने एक उचलून टोकावर नख वाजवलं, माझ्याकडे पाहिलं. भट्टी पेटवली आणि तिला वारा घालणाऱ्या पंख्याचा दांडा माझ्याकडे सरकवला. मी तो फिरवायला बसले.