उपासातल्या गोळ्या

माझ्या बायकोला फिट येते हे लग्नानंतर दोन वर्षं मला कळलंच नाही, कारण ती पडत नसे. बोलता बोलता थांबायची, नजर एका जागी लागायची, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलायचे आणि हात चालू काम तसंच रेटत राहायचे. मिनिटभरानं भानावर आली की तिला काही आठवत नसे. मी समजायचो, बाई आपल्याच नादात आहे. असा मी हुशार! मुलगी झाल्यावर सीताबर्डीतल्या एका डॉक्टरांनी तिच्या डोक्याला तारा लावून आलेख काढला, मिरगीचाच प्रकार आहे म्हणाले आणि गोळ्या दिल्या. एकही चुकवायची नाही, असं बजावलं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे नऊ दिवस कडक उपास. घट बसले त्या सकाळी तिनं विचारलं, "उपासाले गोळी चालते का जी?"

"गोळी म्हंजे खाणंच झालं ना वं. नऊ दिवसांत काय आभाळ कोसळते?" मी ऐटीत म्हणालो. सरकारी कचेरीत कारकून होतो. सगळ्यातलं आपल्याला कळतं असा माझा ग्रह होता.

सहाव्या दिवशी सकाळी मी मोरीबाहेर दाढी करत होतो. आत ती पाटावर पाय लांब करून बसली होती, पायांवर पाच महिन्यांची पोर. शेजारी नुकतंच उतरवलेलं कढत पाण्याचं पातेलं. त्यात विसण घालायचं बाकी होतं. गार पाण्याची बादली तिच्या हाताशीच होती. ती पोरीशी लाडानं बोलत होती. बोलणं मध्येच तुटलं. आरशातून पाहिलं तर तिचे ओठ हलत होते. हात मात्र थांबला नव्हता. गडू पातेल्यात गेला, भरला, वर आला.

हाक मारून उपयोग नव्हता. वस्तरा टाकून मी धावलो. गडू कलला तेव्हा माझा डावा हात मध्ये गेला आणि उजव्यानं मी पोर ओढून घेतली. पाणी बाजूच्या फरशीवर सांडलं, पोरीवर थेंबही पडला नाही. कोपरापर्यंत माझी कातडी पेटली होती, आणि बायको रिकाम्या पायांवर ओतायला पुन्हा गडू भरत होती. पातेलं मी लाथेनं पलीकडे उलथवलं.

थोड्या वेळानं तिनं शांतपणे विचारलं, "पोरीची आंघोळ झाली का जी?"

मला तिच्यावर ओरडायचं होतं. पण ओरडायला हवं होतं ते माझ्यावर.

त्याच दुपारी डॉक्टरांकडे गेलो. तिला बाहेर बसवून सगळं कबूल केलं. त्यांनी लगेच तिच्या डोक्याचा स्कॅन करून घेतला आणि तो उजेडावर धरला. डाव्या कानाच्या आतल्या बाजूचा मेंदू थोडा आक्रसलेला होता.

"हे या सहा दिवसांत झालं का?" मी विचारलं.

"नाही. फार जुनं आहे. लहानपणी मोठा ताप येऊन गेला असेल. पण फिट येत राहिल्या तर वाढू शकतं."

पहिलं वाक्य ऐकून मला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज अजून जात नाही.

परतताना रिक्षात ती माझ्या हाताच्या पट्टीकडे बघत राहिली. "माह्या हातून काही झालं का?"

"नाही वं. चहा सांडला."

घरी आल्यावर, उपास असूनही, तिनं आपणहून गोळी घेतली. दुसऱ्या दिवशी पाण्यात विसण घालून तिनं मला पाटावर बसवलं, पोर माझ्या पायांवर ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून लांब दाराशी जाऊन बसली.