धरणाकाठचं माहेर

बस गं पोरी, मग हे पत्र वाच. कधी बघावं तर तू घाईत! अर्धं वाचून पुढं पळू नकोस, गोष्ट तुझ्या आजीची आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई, पण आम्ही सगळ्या त्यांना आक्काच म्हणायचो.

आक्का कुठं टेकायच्याच नाहीत. लग्नाच्या पंगतीत दुसरा घास घेतला की मला, "उठ शेवंते, यष्टी जाईल." घोडेगावच्या स्टँडवर तासभर आधी पोचायचं आणि गाडी येईपर्यंत येरझाऱ्या घालायच्या. कुणी बाकावर जागा दिली तर म्हणायच्या, "नगं. बसलं की मानूस तिथलंच व्हतं."

कारण मला फार उशिरा कळलं. धरणाचं पाणी चढलं तेव्हा त्या माहेरीच होत्या. सामानाचा ट्रक आला, सगळे घाईनं चढले आणि लेकीची ओटी भरायची राहिली. पुढं पुनर्वसनाच्या पत्र्याच्या शेडात आईनं ओटीचं ताट आणलं, तर ह्या म्हणाल्या, "हे माझं म्हायेर न्हाई." ओटी न भरताच निघून आल्या. मग आईही वारली.

दोन वर्षांपूर्वी धरणाकाठच्या पडक्या गोदामांची डागडुजी झाली. बाग केली, होड्या आल्या, संग्रहालय उघडलं. बचत गटाची सहल गेली. आक्कांनी तीन खोल्या झपाझप मागं टाकल्या. "भांडीच तर हायेत, चल!" शेवटच्या खोलीत एक जुनी दाराची चौकट उंबऱ्यासकट उभी होती. पाटी मी वाचून दाखवली. बुडालेल्या गावाचं नाव, त्यांच्या गावाचं. घर कुणाचं, ते लिहिलं नव्हतं. आक्का दोरी ओलांडून गेल्या आणि उंबऱ्याशी चक्क बसल्या.

तिथं राखणीला असलेली बाई धावत आली. "मावशी, उठा. बंद करायचंय."

"ओटी भरल्याबिगर सवाशीन म्हायेरातनं उठती व्हय?"

"आवो, हे म्युझियम हाय!"

"तुला आसंल. माझ्या गावचा उंबरा हाय ह्यो."

मी दंड धरला. "आक्का, गाडी जाईल."

"जाऊ दे."

ती बाई जाऊन आपली बाजाराची पिशवी घेऊन आली. मग तिनं त्यातले तांदूळ काढले, पाच मुठी आक्कांच्या पदरात घातल्या आणि कुंकू नव्हतं म्हणून पर्समधली टिकली लावली. म्हणाली, "परत या, ताई." आक्का सावकाश उठल्या. डोळे पुसले नाहीत, मला म्हणाल्या, "दम धर की जरा, शेवंते."

नंतरचा उन्हाळा त्यांनी घरच्या अंगणात निवांत बसून काढला. पावसाळ्याआधी गेल्या.

आता माझाच जीव कुठं रमत नाही बघ. उठते, रस्त्यापर्यंत जाते, माघारी येते. सुट्टी मिळायची वाट बघू नकोस, या रविवारीच ये. आणि राहायच्या तयारीनं ये.