विल, मे, माइट आणि ‘येते’

इरा, कबीर,

हे बाबाकडून वाचून घ्या. परवा फोनवर तुम्ही म्हणालात, “आजी, वी माइट कम.” त्याच सकाळी डॉक्टर माझ्या हृदयाच्या ऑपरेशनबद्दल म्हणाले होते, “इट शुड गो वेल.” जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बाईला ‘विल’ कुठे गाळलंय ते लगेच ऐकू येतं. सोमवारी ऑपरेशन आहे, म्हणून आजच लिहिते.

नवं राज्य झालं आणि सरकारी नोकरीतल्या तुमच्या आजोबांना भोपाळहून रायपूरला पाठवलं. आजारातून नुकत्याच उठलेल्या त्यांच्या आई स्टेशनवर आल्या होत्या. सामानाच्या गडबडीत आजोबा बोलून गेले, “आई, जातो.” आईंनी बाहेरून खिडकीचा गज धरला.

“जातो काहून म्हणतं रे पोट्ट्या? येतो म्हण!”

गाडी हलली. त्या गज धरून सोबत चालू लागल्या. मी ओरडले, “अहो, म्हणा ना!”

“येतो, आई, येतो!”

तेव्हा कुठे हात सुटला. त्या होत्या तोवर आजोबा दर दिवाळीला भोपाळला गेले.

रायपूर राजधानी झालं होतं, पण क्वार्टर अजून ‘मिल जाएगा’ होतं. चौबे कॉलनीत भाड्याच्या खोल्यांत निम्मी खोकी बांधलेलीच ठेवून आम्ही राहिलो. मी शाळेत फळ्यावर लिहायची: खात्री असेल तर विल, अपेक्षा असेल तर शुड, शक्यता असेल तर मे, त्याहून अंधूक असेल तर माइट. एकदा नागपूरकडच्या घरातली एक मुलगी उठली. “मॅडम, और ‘येतो’? वो किसमें आएगा?” वर्ग हसला. क्रियापद वर्तमानकाळी, गोष्ट पुढची, आणि म्हणायचं मात्र निघताना. मला रकाना सापडला नाही.

परवा मी डॉक्टरांना विचारलं, “व्हाय नॉट विल?” ते नुसते हसले. बाहेर आल्यावर आजोबा म्हणाले, “डॉक्टरची परीक्षा काहून घेऊन राहिली तू?”

तुमचं ‘माइट’ मी दुरुस्त करणार नाही. शाळा, सुट्ट्या, तिकिटं मला कळतात. पण कबीर, मागच्या वेळी विमानतळाच्या दारातून तू मागे वळून ओरडलास, “आजी, येतो!” बाकी सगळं इंग्रजीत बोलला होतास.

सोमवारी आत नेतील तेव्हा मीही आजोबांना तेच म्हणणार आहे. आपल्या घरात मराठी थोडीच उरली आहे. निघताना ‘येते’ म्हणणं उरलं आहे.