कॅलगरी ते नागपूर, चौदा तास

माझ्या मुलीच्या लग्नात तिच्या सख्ख्या मामाची जागा मी दुसऱ्याला दिली. चूक माझी होती. दुसऱ्या दिवसापर्यंत मी त्या चुकीचा दोष मोबाईलवर ढकलत राहिलो.

साळा कॅनडात, कॅलगरीला राहतो. बायकोचा एकुलता भाऊ. आमच्या लग्नाच्या वेळी ‘हा नवरा नको’ असं तो सगळ्यांसमोर बोलला होता. ते मी विसरलो नव्हतो.

मुलीचं लग्न आमच्या गावी एकोडीला, आमच्या दारापुढच्या मांडवात होतं. आमच्याकडे नवरीला बोहल्यावर मामाच आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. वेळ जवळ आली आणि त्याचा फोन आला.

"भाऊजी, नागपूरले उतरलो. गाडीत बसून राहिलो. दोन-अडीच तास थांबा."

मी सकाळीच मोबाईलवर पाहून ठेवलं होतं, कॅलगरी ते नागपूर विमानानं चौदा तास. त्याला निघून दोन दिवस झाले होते.

"दोन दिवस कुठं होता? दिल्लीत दोस्तांसंग मजा मारून राहिला होता का?"

"विमानं बदलावी लागतात, भाऊजी..."

"मले शिकवू नको." मी फोन कापला आणि ते चौदा तास मांडवभर दाखवत फिरलो.

"कॅनडावाल्याले आपला मांडव कायले दिसते!" कुणीतरी म्हणालं. मी मोठ्यानं हसलो.

बायको मागून आली. "अजी, थांबा ना थोडं. पोरीले एकच मामा आहे."

"त्याच्यापायी वऱ्हाड उपाशी ठेवू?"

बायकोच्या चुलतभावाला मी मुलीच्या पाठीशी उभं केलं. मुलीनं शेवटपर्यंत मान वर केली नाही.

पंगत बसली होती तेव्हा तो आला. पाय सुजलेले, बुटांच्या नाड्या सुटलेल्या. भाचीसाठी आणलेली साडी बॅगेतच होती. तरी मी मोबाईल त्याच्या नाकासमोर धरला.

"ही नकाशावरची सरळ रेघ आहे, भाऊजी," तो म्हणाला. "या रेघेवर विमानच नाही. मी तीन विमानं बदलून आलो, रात्र दिल्लीत खुर्चीवर काढली. तुमचं चौदा तासवालं कुठून सुटते, सांगा. परत जाताना त्यानंच जातो."

पंगतीत कुणीतरी फिस्सकन हसलं. या वेळी माझ्यावर.

तो जेवला नाही. मुलीची पाठवणी झाल्यावर बायको एवढंच बोलली, "मांडवात बोलले, मांडवातच माफी मागा. घरात कुजबुजू नका."

दुसऱ्या दिवशी मांडव सोडायला तेच नातेवाईक जमले. तो बॅग घेऊन निघालाच होता. मी वाटेत उभा राहिलो.

"आता काय? लग्न परत लावता?"

"नाही लावता येत. दोन तास थांबाले पाहिजे होतं, थांबलो नाही. मले तू मांडवात नकोच होता. मोबाईलचा फक्त बहाणा केला. चुकलो मी. माफ कर."